होडीचे मशीन चोरापासून कसे राखावे

नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडा उलटला होता. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी आठ-दहा दिवस दिसेना. मुलगा हुशार, नियमित येणारा. चौकशी केली तेव्हा समजले, की तो खाडीपलीकडच्या एका नाखव्याकडे खलाशी म्हणून जाऊ लागला आहे. मी त्याच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसून जाळे सांधत होते. म्हणाले, "सर, होडी हाय, जाळी हाय, हातपाय धड हायेत. पन मशीन गेला नि सगळाच गेला."

त्यांच्या लहान होडीचे आउटबोर्ड इंजिन रात्रीतून कोणी उचलून नेले होते. सोसायटीच्या कर्जाचे हप्ते अजून फिटायचे होते. वाळूत सापडले ते फक्त एक कापलेले कुलूप. ते पोलीस ठाण्यात गेले तेव्हा साहजिकच पहिला प्रश्न आला, "मशीनचा नंबर काय?" नंबर त्यांना माहीत नव्हता. पावती कुठे पडली तेही आठवेना. "काळ्या रंगाचा, दहा हॉर्सपॉवरचा," एवढेच ते सांगू शकले. आता किनाऱ्यावर काळ्या रंगाची, दहा अश्वशक्तीची मशिने काय थोडी असतात?

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घर करून राहिला. मी काही दर्यावर्दी नव्हे. उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणून तुम्ही मला हसाल, हेही मी जाणून आहे. म्हणून पुढचे लिहिताना मासेमारी करणाऱ्या मंडळींना, गॅरेजवाल्यांना विचारून, त्यांचे आणि माझे ताडून पाहूनच लिहीत आहे.

ज्यांनी समुद्र जवळून पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी आधी थोडे सांगतो. मोठ्या ट्रॉलरचे इंजिन बोटीच्या पोटात पक्के बसवलेले असते. लहान होडीचे मात्र बाहेर, पिछाडीच्या उभ्या फळीवर टांगलेले असते. वर झाकणाखाली इंजिन, मध्ये लांब पाय आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा. फळीला ते धरून ठेवतात दोन स्क्रू, अगदी टेबलाला शेवयांचा साचा आवळतो तसे. हे यंत्र लोकप्रिय केले ते अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरच्या ओल एव्हिनरूड या कारागिराने. त्याने १९०९ साली विक्रीस आणलेले इंजिन दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन सुमारे २८ किलो भरे. एका माणसाने ते खांद्यावर घ्यावे, कोणत्याही होडीला लावावे आणि काम झाले की काढून घरी न्यावे, हीच त्यातली सोय. आपल्या देशात १९८० नंतरच्या दशकात वल्ह्या-शिडाच्या होड्यांना अशी इंजिने मोठ्या प्रमाणावर लागू लागली. भल्या पहाटे वाऱ्याची वाट पाहात बसणे संपले.

परंतु मंडळी, जी गोष्ट धन्याला सोयीची ती चोरालाही सोयीचीच असते. दहा अश्वशक्तीच्या आसपासचे मशीन पस्तीस-चाळीस किलोंचे, म्हणजे तांदळाच्या पन्नास किलोंच्या गोणीपेक्षाही हलके. दोन माणसे ते सहज उचलतात. रस्त्यावरच्या मोटारीला पुढे-मागे नंबराची पाटी असते. इथे मशीनचा नंबर एका लहानशा पट्टीवर, कोणी वाकून पाहील तरच दिसणारा. चोरलेले मशीन शंभर मैल दूरच्या बंदरात दुसऱ्या होडीला लावले, तर ते ओळखणार कोण? आणि अखंड विकता आले नाही, तर पंखा, गिअरची पेटी, झाकण, कार्ब्युरेटर असे सुटे भाग करून विकता येतात. थोडक्या वजनात पुष्कळ किंमत आणि ओळख कमी, असा हा माल आहे. सोनाराच्या दुकानाला आपण लोखंडी दार लावतो. तेवढ्याच मोलाची वस्तू मात्र वाळूवर दोन स्क्रूंच्या भरवशावर सोडून येतो.

आता चोर केव्हा येतो याचा विचार करू. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि ती उधाणाची असते. पौर्णिमेला निदान चांदणे तरी असते. अमावास्येला मात्र मध्यरात्री अंधार दाट, पाणी पार वरपर्यंत चढलेले आणि गाव झोपेत. चोराला रस्त्याने यायची गरजच नाही. तो दुसऱ्या होडीतून वल्हवीत येईल, आपल्या होडीला होडी लावील, मशीन उचलील आणि ओहोटीबरोबर निघून जाईल. तेव्हा राखण करायचीच असेल, तर ती तिथी पाहून करावी. महिन्याच्या सगळ्या रात्री जागणे कोणाला शक्य नसते. अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या तीन-चार रात्री जागणे शक्य असते.

चोराचे वैरी तीन: वेळ, आवाज आणि उजेड. जगात न तुटणारे कुलूप नाही, हे आधी मनाशी पक्के धरा. आपले काम एवढेच, की दोन मिनिटांचे काम त्याला वीस मिनिटांचे व्हावे, ते गुपचूप न होता ठोकाठोकीचे व्हावे आणि अंधारात न होता कोणाच्या तरी डोळ्यांसमोर व्हावे. पुढचे सगळे उपाय या तीन कसोट्यांवर घासून पाहा.

पहिला उपाय स्क्रूंचा. आवळायच्या दोन्ही स्क्रूंच्या मुठी एका रेषेत आणून त्यांवर बसणारी पोलादी पन्हळ किंवा नळी मिळते, आणि तिच्या टोकाला कुलूप असते. ती बसली की मुठी फिरत नाहीत. ही वस्तू चांगली; परंतु नुसती पत्र्याची घेऊ नका. पुष्कळ जण काय करतात, तर दोन मुठींच्या भोकांतून तार किंवा लहानसे कुलूप ओवतात. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी हेच केले होते. तसले कुलूप प्रामाणिक माणसाला थांबवते, चोराला नव्हे. आणखी एक सावधगिरी आहे. चालत्या इंजिनाच्या थरथरीने स्क्रू सैल होतात. कुलूप लावले म्हणून त्यांकडे पाहायचेच नाही असे करू नका. आठवड्यातून एकदा काढून, आवळून, पुन्हा लावा.

दुसरा उपाय साखळीचा. इथे थोडे पदार्थविज्ञान कामी येते. साखळी कापायची जी लांब दांड्याची कात्री असते, तिचा दांडा दोन फूट आणि जबडा टेकूपासून एक इंच धरा. म्हणजे हाताचा जोर चोवीसपट होऊन साखळीवर पडतो. साध्या मऊ लोखंडाची कडी अशा जोराखाली काकडीसारखी तुटते. म्हणून साखळी आणि कुलपाची कडी पाणी दिलेल्या पोलादाची असावी. पाणी दिलेले पोलाद ओळखायची सोपी खूण सांगतो. जुनी कानस त्यावर एकदा फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. कडी जितकी जाड, तितका कात्रीचा जबडा तिच्याभोवती बसणे अवघड. साखळी लांब ठेवून जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर लोळणाऱ्या साखळीवर कात्रीचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर सगळे अंग टाकता येते, किंवा दगडावर ठेवून छिन्नी मारता येते. साखळी आखूड, ताणलेली आणि अधांतरी असावी.

आणि ती बांधायची कशाला? होडीच्या एखाद्या पातळ फळीला बांधाल, तर चोर साखळीला हातही न लावता करवतीने फळीच कापील. होडीच्या जाड आडव्या लाकडातून आरपार बोल्ट घालून, आतून लोखंडी चकती देऊन मजबूत कडे बसवा आणि त्यात साखळी ओवा. दुसरे टोक मशीनच्या पकडीच्या जाड कंसातून घ्या. उचलायच्या मुठीतून घेऊ नका, कारण मूठ ही सर्वांत आधी मोडणारी वस्तू. होडी वाळूवर ओढलेली असेल, तर तीही माडाला किंवा पक्क्या खांबाला बांधावी. नाही तर मशीनसकट होडीच जायची! या साखळीचा दुसराही एक फायदा आहे. भर समुद्रात स्क्रू सैल होऊन मशीन निसटले, तर ती त्याला तळाशी जाऊ देत नाही.

खाऱ्या पाण्याचे एक वैर मात्र विसरू नका. मशीनचा पाय अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकून राहिले, की तिथे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. मशीनच्या पायावर जस्ताचा जो ठोकळा लावलेला असतो तो याचसाठी. अॅल्युमिनियमऐवजी आधी तो झिजतो. म्हणून साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवा. म्हणजे धातूला धातू टेकत नाही, खडखडाटही होत नाही. कुलपाचे म्हणाल, तर पितळेचे गंजत नाही पण कापायला मऊ. पोलादी कापायला कठीण पण गंजते. पोलादी घ्यावे, चावीचे भोक खाली तोंड करून ठेवावे, वर रबराचे झाकण बांधावे आणि पंधरा दिवसांनी तेलाचे दोन थेंब सोडावेत. गंजून न उघडणारे कुलूप शेवटी धन्यालाच तोडावे लागते. मग तो पुन्हा कुलूप लावीत नाही, आणि चोराचे काम आपोआप होते.

तिसरा उपाय बोल्टचा. मोठी इंजिने स्क्रूंवर न ठेवता फळीतून आरपार बोल्ट घालून बसवलेली असतात. लहान मशिनांच्या कंसालाही बहुधा बोल्टची भोके असतात. ती रिकामी सोडू नका. न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट घाला, आतून जाड पट्टी द्या आणि निदान एका नटावर साध्या पान्याला दाद न देणारा, खास चावीचा नट बसवा. फायबरची होडी असेल तर तिच्या पिछाडीत पुष्कळदा आत प्लायवूड असते. भोक पाडल्यावर त्यात सील करायचा मसाला नीट भरा. नाही तर पाणी झिरपून आतले लाकूड कुजेल, आणि मग चोराने मशीन न नेले तरी ते आपणहून समुद्रात पडेल.

चौथा आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे मशीन घरी आणणे. एव्हिनरूडने ते हलके केले ते याचसाठी. रोज शक्य नसेल, पण दोन-चार दिवस होडी जाणार नसेल तेव्हा आणावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी असते आणि होड्या शाकारलेल्या असतात. त्या काळात मशीन होडीवर राहूच नये. गोड्या पाण्याने धुऊन, उभे टांगून ठेवावे. आडवे टाकलेत, तर पायातले पाणी इंजिनात जाण्याची आणि चार स्ट्रोकच्या मशीनमध्ये तेल भलतीकडे जाण्याची भीती असते. ओटीवर, पडवीत ठेवू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसते, आणि दहांतले नऊ सज्जन असले तरी दहाव्याचे नाव आपल्याला माहीत नसते. आतल्या खोलीत ठेवा आणि तिथेही तुळईला साखळी घाला.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कोणी म्हणतात, "मी सुरक्षा-दोरीची किल्ली काढून आणतो, तेलाची टाकी आणि नळी घरी नेतो, मशीन चालूच होणार नाही." ते चालू होणार नाही हे खरे, पण चोराला ते तिथे चालू करायचेच नसते. त्याला ते उचलायचे असते. या सवयी चांगल्या आहेत. त्यांनी मशीनसह होडी पळवणे अवघड होते. परंतु त्या साखळीची जागा घेऊ शकत नाहीत.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय सांगतो. तो म्हणजे नंबर. मशीनचा क्रमांक पकडीच्या कंसावरच्या पट्टीवर असतो, आणि बऱ्याच बनावटींत इंजिनावरही एका लहान धातूच्या टिकलीवर कोरलेला असतो. आज संध्याकाळीच तो उतरवून घ्या. कंपनी, मॉडेल, अश्वशक्ती, क्रमांक, खरेदीची तारीख, दुकान, आणि एखादी खास खूण, जसे की झाकणावरचा ओरखडा किंवा बदललेला पंखा, हे सर्व लिहा. पावतीचा आणि मशीनचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकालाही पाठवा. फोन पाण्यात पडला तरी फोटो राहतो. पट्टी खिळ्यांनी बसवलेली असते, चोर ती काढून टाकतो. म्हणून कोरणीच्या यंत्राने आपली खूण, म्हणजे होडीचा नोंदणी क्रमांक, दोन-तीन जागी कोरून ठेवा. एक दिसेल अशी, बाकीच्या झाकणाखाली लपलेल्या. छिन्नी-हातोड्याने पातळ ओतीव भागावर घाव मात्र घालू नका, तडा जाईल. झाकणावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले नाव विद्रूप दिसते, असे कोणी म्हणेल. दिसू द्या. विकायला कठीण वस्तू चोर सहसा उचलीत नाही.

हल्ली माग काढणारी लहान विजेची यंत्रेही मिळतात. झाकणाखाली लपवून ठेवली, तर मशीन कुठे गेले ते मोबाईलवर कळते. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादाही आहेत. बॅटरी संपते, मोबाईलचे जाळे नसेल तिथे ती मुकी होतात आणि खारी हवा त्यांना खाते. साखळी आणि नंबर ही भाकरी समजा, यंत्र हे तोंडी लावणे.

परंतु कितीही कुलपे लावली तरी शेजारी तो शेजारी. स्वीडन देशात लहान बोटी पुष्कळ आणि आउटबोर्ड इंजिनांची चोरीही पुष्कळ. तिथे अनेक बोटक्लबांत सभासदांनी पाळीपाळीने रात्रीचा पहारा करावा असा नियमच असतो. आणि मान्यताप्राप्त कुलूप नसेल तर विमा कंपनी भरपाईला कात्री लावते. श्रीमंत देशातल्या लोकांना जे करावे लागते, ते आपण करण्यात कमीपणा कसला? आपल्या वाड्यांत राखणीची चाल जुनीच आहे. दहा होड्या एका ओळीत, एकमेकींना लागून लावल्या, अमावास्येच्या सुमारास दोघा-दोघांच्या पाळ्या ठरवल्या, बंदरावरचा दिवा पहारेकऱ्याच्या डोळ्यांत न येता होड्यांवर पडेल असा फिरवून घेतला, तर खर्च फार नाही. पहारेकऱ्याने मात्र चोराच्या अंगावर धावून जायचे नाही. आरडाओरडा करायचा, गाव उठवायचे आणि ११२ ला फोन करायचा. मशीन पुन्हा येईल, माणूस पुन्हा येत नाही.

आणि आता थोडे कटू बोलतो. चोर चोरतो, कारण कोणीतरी विकत घेतो. निम्म्या किमतीत, पावतीशिवाय, रात्री दाखवलेले मशीन जो घेतो, त्याने चोराला पुढच्या होडीचे आमंत्रणच दिले. जुने मशीन जरूर घ्या. पण मूळ पावती मागा, तिच्यावरचा नंबर मशीनवरच्या नंबराशी जुळवा, पट्टी काढलेली किंवा नंबर घासलेला असेल तर सरळ नाही म्हणा, आणि विकणाऱ्याकडून सही-तारखेचा कागद घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे समजण्यास कारण असून तो अप्रामाणिकपणे घेतला, तर कलम ३१७ खाली घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतच कैद आहे. कायद्याने दोघांना एका तराजूत तोलले आहे, हे ध्यानात ठेवा.

इतके करूनही चोरी झालीच, तर काय करावे? कापलेले कुलूप, साखळी हाताळू नका; फोटो काढा. त्याच दिवशी ठाण्यात जाऊन नंबरासह फिर्याद द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, फिर्याद घेता येते. ती लिहून घेतल्यावर तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. कोणी घेण्यास नकार दिला, तर तीच हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. विमा असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा. विमा उतरवतानाच एक गोष्ट विचारून घ्या: होडीचा विमा म्हणजे मशीनच्या चोरीचाही विमा का? काही वेळा नसतो, किंवा कुलूप तोडल्याची खूण असेल तरच असतो. मग आजूबाजूच्या बंदरांतल्या सोसायट्यांना आणि गॅरेजवाल्यांना नंबर कळवा. मशीन आज ना उद्या दुरुस्तीला येतेच, आणि तिथे नंबर जाणणारा माणूस बसलेला असेल तर ते सापडण्याची आशा असते.

शेवटची विनंती शिक्षक बंधु-भगिनींना. किनाऱ्यावरच्या शाळेत तरफ शिकवताना कात्रीचे उदाहरण द्या. धातूंचे गंजणे शिकवताना जस्ताचा ठोकळा दाखवा. आणि एका शनिवारी मुलांना सांगा, "घरी मशीन असेल तर त्याचा नंबर आईवडिलांना विचारून वहीत उतरवून आणा." त्यांच्या परवानगीने त्या सगळ्या नंबरांची एक वही करून मच्छीमार सोसायटीत ठेवायला द्या. शाळेला खर्च एका वहीचा. पण ज्या दिवशी एखाद्या बापाला ठाण्यात नंबर विचारतील, त्या दिवशी तो गप्प उभा राहणार नाही.

माझा तो विद्यार्थी एक वर्ष वाया घालवून परत आला, आणि परीक्षेलाही बसला. चोरलेले मशीन काही मिळाले नाही. वडिलांनी पुन्हा कर्ज काढून दुसरे घेतले. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो होतो. दार लोटले, तर दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात, देवाच्या नावाखाली, मशीनचा नंबर ठळक लिहिलेला. मला पाहून म्हणाले, "सर, आता झोपेत विचारा, सांगेन." आणि त्यांनी न पाहता तो घडाघडा म्हणून दाखवला. तुमच्या मशीनचा नंबर तुम्हाला येतो का? येत नसेल, तर ही पुस्तिका खाली ठेवा आणि कंदील किंवा बॅटरी घेऊन आधी होडीपाशी जाऊन या.